बाहेर खाण्यावर शंभरातले किती जातात? आमचा खोका उघडलाय

हिशेबी_धाकटी

बाहेर खाण्यावर घरटी किती खर्च होतो याचा कुणी नीट हिशेब ठेवलाय का? रकमा सांगू नका, प्रत्येकाकडचे भाव वेगळे, पगार वेगळे. हातात येणाऱ्या शंभरातले किती, एवढंच सांगा.

आधी आमचं सांगते. आम्ही पाच जण: मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नोकरी दोघांची. मी घरी पोचते सातला, तो आठच्या पुढे. सहा महिन्यांपूर्वी कार्डाचं बिल आलं आणि नवरा म्हणाला, "हे बाहेरचं खाणं जरा अतीच होतंय." मी म्हटलं, होतंय, पण किती? तो म्हणाला महिन्यातून तीनचारदा. मी म्हटलं पाचदा. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "दहा." त्याला आम्ही दोघांनी मिळून गप्प केलं. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

मग मी बुटांचा एक रिकामा खोका कपाटावर ठेवला. नियम एकच. बाहेरचं काहीही पोटात गेलं की चिठ्ठी खोक्यात. बिल असेल तर बिल, नसेल तर कपट्यावर आकडा, आणि मागच्या बाजूला एका ओळीत कारण. हे कारण लिहायचं कुठून डोक्यात आलं कोण जाणे, पण सगळी गंमत आणि सगळी भांडणं त्या मागच्या बाजूनेच लावली.

परवा रविवारी खोका पलंगावर उपडा केला. ६१ चिठ्ठ्या. म्हणजे महिन्याला दहा. मुलगा तेव्हापासून घरात छाती काढून फिरतोय.

दोघांचा हातात येणारा पगार शंभर धरला तर घराच्या हप्त्याला ३१ जातात, किराणा-दूध-भाजीला २२ आणि बाहेरच्या खाण्याला १३. म्हणजे पोटासाठी जे ३५ जातात त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आमच्या स्वयंपाकघराला शिवतच नाही. ६१ पैकी हॉटेलात बसून जेवलो १४ वेळा, घरी मागवलं २९ वेळा, आणि १८ चिठ्ठ्या सटरफटर: माझं ऑफिसातलं दुपारचं, मुलाचं शाळेच्या कँटीनमधलं, रस्त्यात भूक लागली म्हणून. पैशांत मात्र त्या १४ वेळांनीच ५२ टक्के खाल्ले. मागवण्याने ३७ आणि सटरफटरने ११. मी आधी शपथेवर सांगितलं असतं की सगळे पैसे मागवण्यातच जातात.

आता मागची बाजू. वाढदिवस, पाहुणे, निकाल, असं सांगण्यासारखं कारण: ९ चिठ्ठ्या. "घरात आहे ते मुलांना नको": १२. "उशीर झाला", "दमलो", "आज नको": ३१. उरलेल्या ९ मागून कोऱ्या. त्यातल्या एका बिलावर पाच जणांचं साग्रसंगीत जेवण आहे, गोडासकट. कुठला प्रसंग होता, काय खाल्लं, कुणालाही आठवत नाही.

त्या ३१ पैकी २६ चिठ्ठ्यांवर अक्षर माझं आहे. नवऱ्याने ते लगेच हेरलं. "म्हणजे तू दमलीस की आपण बाहेर खातो." मी म्हटलं, अगदी बरोबर, कारण मी दमले की या घरात स्वयंपाक करणारं कुणी उरत नाही. सासूबाईंचे गुडघे दहा मिनिटांवर ओट्याशी उभं राहू देत नाहीत. त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती. चांगली नव्हे, दुसरी.

तर विचारायचं हे की १३ जास्त आहेत का? आणि कमी करायचे तर कुठून? "घरीच करत जा" असा सल्ला देणाऱ्यांनी कोण करणार हेही कृपया लिहावं.

---

जुनी_खतावणी

ताई, मी निवृत्त हिशेबनीस. कारण लिहिलेली पावती माझ्या अख्ख्या नोकरीत फार थोड्यांनी दिली, म्हणून आधी अभिनंदन.

"इतर लोक किती खर्च करतात" या वाटेला फारसं जाऊ नका. आपल्या शंभरात हप्ता ३१ आहे. ज्याचं घर फिटलंय त्याचे १३ आणि आपले १३ यांची तुलना होत नाही. दुसरं म्हणजे, माणसं आठवून सांगतात तेव्हा मोठी जेवणं सांगतात आणि सटरफटर विसरतात. आपल्या घरात तीनचार, पाच आणि दहा असे तीन आकडे आलेच की. म्हणून खर्चाच्या पाहण्यांमध्ये नुसतं विचारण्याऐवजी घरोघर रोजची वही भरायला देण्याचीही पद्धत आहे.

उत्पन्न वाढलं की अन्नावरची रक्कम वाढते पण शंभरातला तिचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं. बाहेरच्या जेवणाची चाल मात्र साधारणपणे उलटी असते, पगार वाढला की त्याचा वाटाही वाढतो. कारण तिथे आपण अन्नाबरोबर दुसऱ्याचे कष्ट विकत घेतो. संयुक्त राष्ट्रांचं घरखर्चाचं वर्गीकरणही तेच मानतं: दुकानातून घरी आणलेलं अन्न पहिल्या विभागात, हॉटेलातलं जेवण थेट अकराव्या विभागात, सेवा म्हणून. आपण २२ आणि १३ यांची बेरीज केलीत. मी असतो तर ती खाती वेगळीच ठेवली असती.

आता माझा मुख्य मुद्दा. आपलं भांडण तेरावरचं नाहीच. त्या ६१ वेळा बाहेर खाल्लं नसतं तर आपण उपाशी राहिला असता का? घरीच काहीतरी शिजलं असतं आणि त्यालाही पैसे लागले असते. हॉटेलच्या किमतीत कच्च्या मालाचा भाग ढोबळमानाने तिसरा हिस्सा असतो. म्हणजे तेरातले सव्वाचार. आपल्याला माल घाऊक भावात मिळत नाही, म्हणून पाच धरा. बाहेर खाण्याचा *जादा* खर्च उरला आठ. भांडायचं ते आठावरून भांडा.

---

भटारखाना_ते_गल्ला

काकांनी कच्च्या मालाचं बोललेत ते बरोबर. एकोणीस वर्षं याच धंद्यात आहे, नऊ वर्षं आत भट्टीपाशी आणि दहा वर्षं गल्ल्यावर. शंभराचं बिल झालं तर त्यात माल २८ ते ३५, पगार साधारण तेवढेच, त्यानंतर जागेचं भाडं, गॅस, वीज, धुणं, फुटलेल्या डिश, फुकट गेलेला माल. नीट चाललेल्या जागेत मालकाच्या हातात तीन ते पाच उरतात. ज्यांना वाटतं हॉटेलवाला लुटतो त्यांनी एक महिना गल्ल्यावर बसून बघावं. असो, रडगाणं पुरे.

ताई, तुमचे १४ वेळा बसून जेवणं महाग का पडतंय ते सांगतो. जेवण महाग नसतं, जेवणाच्या *कडा* महाग असतात. आल्याआल्या मागवलेलं थंड पेय, मधे चघळायला काहीतरी, शेवटी गोड. पेयात आणि गोडात मालाचा खर्च सगळ्यात कमी, म्हणून धंद्याची कमाई तिथे. माझ्याकडे नवीन पोरगा वेटर म्हणून लागला की पहिल्या दिवशी शिकतो ते हेच: पाणी ठेवायचं आणि लगेच "प्यायला काय आणू?" विचारायचं. "आणू का?" नाही, "काय आणू". पाच माणसांचं बिल काढा आणि कडा पेनाने खोडून बघा. किती उरतं ते मला सांगायची गरज नाही.

मेन्यूकार्डात पण थोडी कारागिरी असते. एखादी भलतीच महाग वस्तू वर छापायची. ती कुणी मागवावी ही अपेक्षाच नसते, तिच्यामुळे खालच्या वस्तू स्वस्त वाटतात. किमतीपुढचं चलनाचं चिन्ह काढून नुसता आकडा ठेवला तर लोक जास्त मागवतात असं कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासात २००९ साली दिसलं होतं. एकाच हॉटेलातला प्रयोग होता, फार ताणू नका. पण आमच्या लाइनीत तेव्हापासून कितीतरी कार्डांवरून चिन्ह गेलं.

आणि मागवण्याचं. अॅपवाले आमच्याकडून बिलाच्या १५ ते ३० टक्के कापतात. आम्हाला उरतात तीन ते पाच, हे वर सांगितलंच. म्हणून बरेच जण अॅपवरचे भाव चढे ठेवतात, वर तुम्हाला पोचवण्याचे वेगळे. जागा पायी जाण्यासारखी असेल तर फोन करून स्वतः पार्सल घ्या. तुमच्या २९ मधल्या निम्म्या वेळा तरी तशा असणार.

अजून एक सवय सांगतो, आमच्या धंद्याच्या विरोधात आहे. एकदम सगळं मागवू नका. भुकेलं माणूस डोळ्याने मागवतं. दोन हप्त्यांत मागवा. दुसऱ्या हप्त्याला निम्म्या वेळा कुणी हात वर करत नाही.

---

सरळमार्गी

एवढं पुराण कशाला. माझ्या आईने चाळीस वर्षं दोन्ही वेळा घरी केलं, पाच माणसांचं. कधी दमले म्हणाली नाही. इच्छा हवी.

---

हिशेबी_धाकटी

@सरळमार्गी, कोण करणार ते लिहायला सांगितलं होतं. तुम्ही लिहिलंत: आई. तुमची. ती येईल का आमच्याकडे? ती दमले म्हणाली नाही याचा अर्थ ती दमली नाही असा धरू नका. तिला कुणी विचारलं नसेल अशीच शक्यता जास्त.

@भटारखाना, रात्री बसून १४ बिलांच्या कडा खोडल्या. बसून जेवण्याचे जे पैसे आहेत त्यातले ३८ टक्के कडांमध्ये निघाले. मुलीची एकटीची पेयंच एक स्वतंत्र खातं होईल.

---

रात्रपाळी

मी नर्स. एकटी राहते. महिन्यात बारा-तेरा रात्रपाळ्या. शंभरातले १९ बाहेर जातात आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. सकाळी साडेआठला घरी येऊन मी कांदा चिरणार नाही. पूर्वी वाटायचं. मग एक महिना हट्टाने घरी केलं. भाज्या आणल्या, त्यातल्या निम्म्या फ्रीजमध्ये सडल्या, त्या टाकल्या, आणि तरी आठवड्यातून तीनदा मागवलं. दोन्ही खर्च झाले. तुमच्या २२ मध्ये असं टाकलेलं किती आहे ते खोक्यात येत नाही, ते कचऱ्याच्या डब्यात जातं. तेही एकदा बघा.

---

जुनी_खतावणी

@सरळमार्गी यांच्या प्रतिसादात हिशेबाची एक चूक आहे ती नोंदवतो, राग नसावा. आपण आईच्या वेळेची किंमत शून्य धरलीत. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा १९६५ चा गाजलेला लेख आहे. घर हा एक छोटा कारखानाच समजा, असं त्याचं म्हणणं: बाजारातून आणलेला माल अधिक घरच्या माणसाचा वेळ, तेव्हा जेवण तयार होतं. वेळ महाग झाला की माणसं मालावर जास्त आणि वेळेवर कमी खर्च करतात. ताईंचे जादा आठ हे दुसऱ्या भाषेत ताईंच्या २६ संध्याकाळींचं भाडं आहे. सगळंच नाही, पण बरंचसं.

माझ्या घरात हे खातं मी पस्तीस वर्षं मांडलंच नाही. पत्नी गेल्यावर पहिल्या आठवड्यात मांडावं लागलं.

---

चौघांचा_गट

थोडं विषयांतर. आमचा खर्च घरच्यांबरोबर आटोक्यात असतो, मित्रांबरोबर सुटतो. चार जोडपी, बिल सरळ चाराने भागायचं. मी हल्ली मुद्दाम पाहतो: बिल समान भागणार म्हटलं की मीही स्वतःसाठी कधी घेतलं नसतं ते मागवतो. आपण साधं घेतलं तर दुसऱ्याच्या महागाचे पैसे आपण भरणार, मग का सोडा? उरी ग्नीझी या अर्थतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याच्यावर प्रयोग छापलाय. ज्यांनी आपापलं भरायचं त्यांनी सगळ्यात कमी मागवलं, समान वाटणीवाल्यांनी जास्त, आणि ज्यांचं बिल प्रयोगवालेच भरणार होते त्यांनी सगळ्यात जास्त. विचारलं तर बहुतेकांना आपापलं भरणंच आवडतं. पण टेबलावर ते बोलून दाखवायला कुणी तयार नसतं. मी दोन महिने तयारी करतोय. अजून तोंड उघडलेलं नाही.

---

भटारखाना_ते_गल्ला

@चौघांचा_गट, बसल्याबसल्या वेटरला हळूच सांगा, बिलं चार करा. मागवायच्या *आधी*. शेवटी सांगितलंत तर भांडण वेटरशी होतं, मित्रांशी नाही, पण वेटर शिव्या घालतो. आत येऊन घालतो, तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच.

---

हिशेबी_धाकटी

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, खोका भरायचा होता.

या पाच आठवड्यांत चिठ्ठ्या ७. जुन्या हिशेबाने बारा व्हायला हव्या होत्या. दोन खऱ्या कारणाच्या (मुलाची स्पर्धा, माझी नणंद आली होती), तीन दमलोच्या, एक मुलीच्या रडण्याची, एक ऑफिसातली. कोरी एकही नाही. शंभरातले नऊच्या आसपास. टाकलेल्या भाज्यांचंही आठवडाभर मोजलं, @रात्रपाळी, आणि जे दिसलं ते इथे लिहिणार नाही.

कडांवर घरात रीतसर बैठक झाली. पेयं बंद, पाणी चालू. गोड दोघांत एक. मुलीने विरोधी मत नोंदवायला लावलं, नोंदवलंय. दोन हप्त्यांत मागवण्याचं मी पहिल्यांदा केलं तेव्हा वेटरच्या कपाळावर आठी पडली. पण दुसऱ्या हप्त्याला खरंच कुणी काही मागवलं नाही. पार्सल आता मुलगा चालत जाऊन आणतो. उरलेली मोड त्याची, त्यामुळे तक्रार नाही.

मोठा बदल मंगळवार आणि गुरुवारचा. चिठ्ठ्या वार लावून पाहिल्या तेव्हा दमलोच्या ३१ पैकी १९ याच दोन वारांच्या निघाल्या. माझी मंगळवारी बैठक लांबते आणि गुरुवारी मुलीचा क्लास असतो. मी नवऱ्याला काकांचं ते वाक्य वाचून दाखवलं, २६ संध्याकाळींचं भाडं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला की मंगळवार-गुरुवार तो साडेसहाला निघणार आहे आणि स्वयंपाक त्याचा. पहिल्या मंगळवारी पावणेदहाला जेवलो. तिसऱ्याला पावणेनऊला. चवीबद्दल सासूबाईंनी एवढंच विचारलं की हे मुद्दाम असं केलंय का.

सासूबाईंवरून आठवलं. बाहेर जाणं कमी झाल्यावर मला वाईट वाटत होतं ते त्यांचं, तेवढाच त्यांना बदल. त्यांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "मला कुठे आवडतं. त्या खुर्च्या पाठीला टोचतात आणि गाण्यांचा आवाज डोक्यात जातो. नाही म्हटलं तर तुमचा विरस, म्हणून येत होते." त्या १४ पैकी ११ वेळा त्या सोबत होत्या. निदान तीन वेळा तर आम्ही *त्यांच्यासाठी* गेलो होतो, तसं चिठ्ठीच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय.

आज गुरुवार. हे लिहितेय तर आतून नवऱ्याने विचारलं, मोठं पातेलं कुठे असतं? या घरात राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, शोध.